पान्हा

म्हशीचं रेडकू मेलं की आमच्याकडं त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं ठेवीत. म्हैस ते चाटायची अन् पान्हा सोडायची. मला ही फसवणूक वाटे. आजी म्हणायची, "फसंना का, कास तरी मोकळी हुती तिची."

पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकानं. व्हिन्सेंट दु विन्यो यांनी ते १९५३ साली प्रयोगशाळेत बनवलं, १९५५ साली त्यांना नोबेल मिळालं. लेकरू रडल्याबरोबर बाईला दूध येतं तेही यानंच. म्हैस अन् बाई, दोघींना ते एकाच दूध पाजणाऱ्या पूर्वजाकडून आलं. विलायती गायींत वासराविना दूध देणाऱ्या माणसानं पिढ्यान्पिढ्या निवडल्या. म्हशीत ती निवड तेवढी झाली नाही, म्हणून ती अजून पान्हा चोरते. मला तिचा हा हट्ट आवडतो.

मग तिची माया म्हणजे नुसतं रसायन? बाईची माया त्याच रसायनातून वाहते, तिला कुणी खोटी म्हणत नाही. म्हशीलाच वेगळा न्याय का? हल्ली काही गोठ्यांत पेंढ्याचं रेडकूही नसतं. सुई टोचतात, धार काढतात. चाटायला तिच्यापुढं काहीच नसतं.