तक्तपोशीखालचें लांकूड

अष्टविनायकांची यात्रा परंपरेनें मोरगांवच्या मयूरेश्वरापासून सुरू होते आणि दुसरें दर्शन सिद्धटेकचें घडतें. मोरगांव कऱ्हेच्या कांठीं, तर सिद्धटेक भीमेच्या. आज भीमेवर पूल आहे. परंतु तो होण्यापूर्वीं दौंडकडून येणारा यात्रेकरू शिरापूरपाशीं नावेंत बसून पैलतीर गांठीत असे. विघ्नहर्त्याचें नांव घेऊन नावेंत पाऊल टाकणारा तो मनुष्य पायांखालची फळी उचलून पाहत असेल, असें संभवत नाहीं. त्याची एक श्रद्धा देवावर असे आणि दुसरी, जिचा उच्चारही होत नसे, ती नावाड्यावर. या दुसऱ्या श्रद्धेचें ऋण कोणी व कसें फेडावयाचें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

हा प्रश्न पुलाबरोबर संपला नाहीं. १९८० सालीं भीमेवर उजनीचें धरण पुरें झालें आणि इंदापूर तालुक्याच्या सीमेवर विस्तीर्ण जलाशय पसरला. पळसदेवचें जुनें देऊळ पाण्यांत गेलें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजेच तें दिसूं लागतें. भिगवणकडे हिंवाळ्यांत रोहित पक्षी पाहावयास आलेलीं कुटुंबें होडींतून हिंडतात, आणि करमाळ्याच्या बाजूचे लोकही होडीनें इंदापूरकडे येत आले आहेत. २१ मे २०२४ रोजीं कुगांवहून कळाशीकडे येणारी अशी एक होडी वादळी वाऱ्यांत उलटली व सहा जण बुडाले. ती वाऱ्यानें उलटली, कुजक्या फळीनें नव्हे. तथापि पाण्यावर गेलेला मनुष्य किती गोष्टींच्या हवालीं असतो, हें त्या दिवशीं सर्वांस कळून चुकलें. वारा कोणाच्या स्वाधीन नाहीं. फळी मात्र आहे.

आतां एखाद्या जुन्या लांकडी यंत्रहोडीची कल्पना करावी. तिची तक्तपोशी कुजली आहे. कुजणें म्हणजे बुरशीनें लांकूड खाणें. या बुरशीला ओल लागते, तशीच हवाही लागते. म्हणून कोरडें लांकूड शतकानुशतकें टिकतें आणि सदैव पाण्यांत बुडालेलेंही पुष्कळ काळ टिकतें. कुजतें तें कधीं भिजणारें, कधीं अर्धवट वाळणारें. पावसाचें पाणी फटींतून खालीं उतरतें, आडव्या बरगड्यांच्या कोपऱ्यांत साचतें, आणि वर फळ्या घट्ट बसविलेल्या असल्यामुळें त्याला वारा लागत नाहीं. ज्या जलाशयाचें सर्वांस भय वाटतें, तो बहुधा या नाशाचा कर्ता नसतो. कर्तें असतें होडीच्या पोटांत निवांत साचलेलें ओंजळभर पाणी.

जाणता सुतार रंगावर विश्वासत नाहीं. तो टोच्या घेऊन लांकूड टोचून पाहतो, हातोडीनें ठोकून कान देतो. निकोप लांकूड खणखणतें, कुजकें बद्द वाजतें. दिसतें तेवढेंच कुजकें कापून भागत नाहीं, कारण बुरशीचे तंतू डागाच्या पुढें गेलेले असतात. बरें दिसणारेंही कांहीं लांकूड काढावें लागतें. त्यांतून बरगड्याच खराब निघाल्या तर यंत्र उतरवावें लागतें, खर्च वाढतो आणि हंगाम बुडतो. मग मोह होतो: वर एक नवी फळी ठोकावी, रंगाचा हात फिरवावा, झालें. वस्तुतः या नव्या फळीखालीं ओल अधिकच कोंडते व नाशास वेग येतो. न केलेल्या दुरुस्तीपेक्षां ही दुरुस्ती वाईट. कारण पूर्वीं डाग दिसत तरी होता.

तत्त्वज्ञांनीं नौकेवरून निराळाच वाद घातला आहे. थीसिअसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सचे लोक एकेक करून बदलीत गेले. तेव्हां तें जहाज तेंच राहिलें कीं दुसरें झालें, असा वाद विद्वानांत चाले, असें प्लुटार्कनें लिहून ठेवलें आहे. वाद मनोरंजक खरा. पण त्यांत कोणी बुडत नाहीं. होडी तीच कीं दुसरी, यानें उतारूस कांहीं होत नाहीं. ती आंतून बाहेरच्यासारखी आहे कीं नाहीं, यानें होतें.

यावर कोणी म्हणेल, हा उपदेश सुस्थितीतल्या माणसास सोपा आहे. ज्याचें पोट एका होडीवर, त्यानें काय करावें? आक्षेप खरा आहे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण गरिबानेंच आपली अब्रू राखण्यासाठीं जपली. परंतु त्या मुठींत आपलें दारिद्र्य असतें; तक्तपोशीखालीं दुसऱ्याचा जीव असतो. ठिगळ आणि पांघरूण यांत भेद आहे. ठिगळ दिसतें, ‘यंदा एवढेंच झालें, दहाऐवजीं चारच बसा, कांठ सोडून जाणार नाहीं,’ असें तें सांगतें. पांघरूण कांहींच सांगत नाहीं. गरिबानें ठिगळ लावण्यास कोणतीच नीति आड येत नाहीं.

मात्र चारच उतारू घेणाऱ्याची होडी रिकामी राहते आणि गिऱ्हाईक शेजारच्या रंगविलेल्या होडींत बसतें, हेंही खरें. खरेपणाचा दंड एकट्या खऱ्या माणसानें भरावा, ही समाजाची व्यवस्था नव्हे. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यांत यंत्रावर चालणाऱ्या नौकांची तपासणी व नोंदणी सांगितली आहे, तिचें नैतिक मर्म हेंच: फळी सर्वांचीच उचलली गेली म्हणजे कोणा एकाला स्वतःची उचलून दाखविण्याची शिक्षा होत नाहीं. आणि सर्वांत स्वस्त भाडें मागणारे आपण उतारूही त्या रंगाच्या खर्चाचे भागीदार आहोंत, हें विसरूं नये.

तथापि तपासनीस वर्षांतून एखादे दिवशीं येणार. उरलेल्या दिवसांची साक्ष कारागिराच्या मनाजवळच राहते. चांगला सुतार तक्तपोशी पुरी करतांना फळ्यांमध्यें हवेला वाट ठेवतो आणि निदान एक फळी ठोकून न टाकतां उचलतां येईल अशी बसवितो. पुढें जो कोणी होडी सांभाळील, त्यानें ती उचलावी, खालीं पाहावें आणि आपल्या कामाचा निवाडा करावा, अशी ती मूक परवानगी असते. जें काम स्वतःला तपासूं देतें, तेंच दुरुस्ती या नांवास पात्र होय.