आईची पुस्तके, वडिलांची पुस्तके



अभ्यासाच्या वहीखाली गोष्टीचे पुस्तक लपवलेले दिसले की आपण ते काढून घेतो. मुलाच्या भल्यासाठीच घेतो. पण त्याने काय वाचावे हे ठरवण्याचा आपला हक्क कुठवर पोहोचतो?

१५१५ साली स्पेनमधील आविला येथे जन्मलेल्या संत तेरेजा यांनी आत्मचरित्रात आपल्या बालपणीच्या वाचनाविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांच्या वडिलांना चांगल्या ग्रंथांची आवड होती. मुलांना वाचता यावेत म्हणून लॅटिनऐवजी बोलीभाषेतले ग्रंथ ते घरात ठेवत. संतचरित्रे वाचून छोट्या तेरेजाने भावासह मूर लोकांच्या मुलखात जाऊन रक्तसाक्षी होण्याचा बेत केला. आईवडील आहेत, हीच त्यांना मोठी अडचण वाटत होती! चांगल्या पुस्तकांचा असा परिणाम वडिलांना नक्कीच अपेक्षित नसावा.

आईला मात्र शूर सरदारांच्या अद्भुत कादंबऱ्या आवडत. ती नेहमी आजारी असे. दुःखाचा विसर पडावा आणि मुले भलतीकडे वळू नयेत म्हणून ती वाचत असावी, असे तेरेजा समजुतीने लिहितात. वडिलांना हे खपत नसे. म्हणून तेरेजा रात्रंदिवस त्यांच्या नकळत वाचत राहिली. नवे पुस्तक हाती नसले तर तिला चैन पडत नसे.

पुढे त्यांनी या वाचनाला दोष दिला: त्यामुळे आपण नटण्यामुरडण्याकडे वळलो, असे त्या लिहितात. संतांच्या आत्मपरीक्षणापुढे आपण काय बोलणार? तरीही आपल्याला कादंबरीपेक्षा लपवाछपवी अधिक खुपते. लपून वाचणारे मूल मनातली शंका कुणाला विचारणार? आई ३३ व्या वर्षी वारली. मग तर घरात त्या पुस्तकांविषयी बोलायलाही कुणी उरले नसेल.

१५५९ साली स्पेनच्या धर्मन्यायालयाने बोलीभाषेतील अनेक धार्मिक ग्रंथांवर बंदी घातली. तेव्हा मठात असलेल्या तेरेजांना फार वाईट वाटले, कारण त्यांतील काही वाचताना त्यांना आनंद मिळत असे. १९७० साली ख्रिस्तसभेने धर्मपंडिता म्हणून गौरवलेल्या या बाईची पुस्तकांची ओढ आईकडून किती आली आणि वडिलांकडून किती, हे वेगळे करता येईल असे आपल्याला वाटत नाही.