आजार अवयवात की नात्यात?

१९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकरही. याच पथकातल्या बिजॉय कुमार बसूंनी पुढे चीनमध्ये शिकून अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं.

त्या शास्त्राच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे: आजार अवयवात असतो की अवयवांच्या नात्यात?

नाडी पाहताना चिनी वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवतो. डाव्या हाताला हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजव्या हाताला फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड. समजा, नाडी तारेसारखी ताणलेली, माणूस चिडचिडा, पोट फुगलेलं, शौचाला पातळ. मग निदान होतं, यकृताने प्लीहेवर कुरघोडी केली. सुई टोचतात ती पायाच्या अंगठ्याजवळ आणि गुडघ्याखाली. ही प्लीहा शवविच्छेदनातली नव्हे. ते पचनाच्या कार्याचं नाव.

आपल्या आयुर्वेदातही नाडी तीन बोटांनीच पाहतात, वात-पित्त-कफासाठी. शरीर सुटं पाहू नये, हा दोन्हींचा आग्रह मोलाचाच. पण विचार सखोल आहे म्हणून निदान खरं ठरत नाही. कावीळ दिसली, शौचातून रक्त गेलं, तर आधी रुग्णालयात तपासणी करून घ्या. सुईचा विचार नंतर.