भाजून आणलेला रंग

आमच्या बैठकीत नवे कपाट आले, त्यास आता दोन वर्षे झाली. परगावाहून आलेले एक वृद्ध स्नेही त्यावर हात फिरवून म्हणाले, "आजोबांच्या वेळचे सागवान दिसते!" आम्ही नुसते हसलो. वस्तुतः ते प्लायवूडवर चिकटवलेले, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे विनिअर. आणि तेही सागाचे नव्हे, तर एका फिकट लाकडाचे, उष्णता देऊन गडद केलेले. सुताराने हे आधीच स्वच्छ सांगितले होते. खोटे बोललो ते आम्ही, तोंड न उघडता.

ही प्रक्रिया समजून घेतल्यावर प्रश्न अधिकच अवघड झाला. लाकूड साधारण १६० ते २२० अंश सेल्सिअसपर्यंत, वाफेत किंवा प्राणवायू अत्यल्प ठेवून तापवले की त्यातील हेमिसेल्युलोजचे विघटन होते आणि लाकूड तपकिरी होत जाते. वरून दिलेला रंग घासला की खालचा फिकटपणा उघडा पडतो. हा मात्र पापुद्र्याच्या आरपार असतो. बाहेरचे काही मिसळलेले नसते. (लाकूड थोडे ठिसूळ होते, ही त्याची किंमत.) मग यास खोटे म्हणावे तरी कसे?

सागाचा आम्हांस कोण अभिमान! पण ताजा चिरलेला सागही रंगाने एकसारखा नसतो, कुठे कुठे हिरवट दिसतो. उजेडवाऱ्यात राहूनच तो सोनेरी तपकिरी होतो. काळाने दिलेला रंग खरा आणि भट्टीने दिलेला खोटा, हा भेद आम्हांस टिकवता आला नाही.

२०१६ पर्यंत आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या निर्मलचे कारागीर तर पोनकीचे हलके लाकूड रंगाखाली पुरते झाकतात. त्यांची लाकडी फळे पाहून फसवणुकीची तक्रार कोणी करीत नाही.

तेव्हा दोष कपाटाकडे जात नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा तालुके तत्कालीन मुंबई राज्यात गेले, आम्ही इकडे राहिलो. तेव्हापासून 'आम्ही येथले जुने' हे सिद्ध करण्याची एक हौस आमच्या घराघरांत शिरली आहे. त्या दिवशी आम्हांस सागवान नको होते. आजोबा हवे होते, आणि ते फुकट मिळत होते.

गेल्या महिन्यात त्या स्नेह्यांना दूरध्वनी करून खरे काय ते सांगितले. ते क्षणभर थांबले आणि त्यांनी सुताराचा पत्ता विचारला.