खात्याला चिकटलेला देश

प्लेस्टेशनचं खातं उघडताना नाव, जन्मतारीख आणि ईमेल यांच्या जोडीला देश विचारला जातो. खात्यावरचं नाव पुढे बदलता येतं, ईमेल बदलता येतो, पासवर्ड तर हवा तितक्या वेळा. देश मात्र एकदा निवडला की कायमचा. माणूस दुसऱ्या देशात राहायला गेला, तिथला नागरिक झाला, त्याचा पगार तिथल्या बँकेत जमा होऊ लागला, तरी प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीच्या नोंदीत तो होता तिथेच राहतो. सोनीचं सांगणं एवढंच की नव्या देशासाठी नवं खातं उघडा. जुन्या खात्यावर घेतलेले गेम, वॉलेटमधली शिल्लक, वर्षानुवर्षं जमवलेल्या ट्रॉफी यांतलं काहीही त्या नव्या खात्यात येत नाही.

ही काही तंत्रज्ञानाची अडचण नव्हे. मायक्रोसॉफ्ट एक्सबॉक्सच्या खात्याचा देश बदलू देते. एकदा बदलला की तीन महिने पुन्हा बदलता येत नाही आणि खात्यातले पैसे सोबत येत नाहीत, इतकीच अट. निन्टेन्डोच्या खात्यावर शिल्लक संपवली की सेटिंगमध्ये जाऊन देश बदलता येतो, घेतलेले गेम जागच्या जागी राहतात. धंदा तोच, ग्राहक तेच, आणि नियम तीन. तेव्हा कायमचा देश हा एका कंपनीने घेतलेला निर्णय आहे, आणि निर्णय म्हटला की त्याचा जाब विचारता येतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. एकाच गेमची किंमत वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी असायला माझी हरकत नाही. उलट ती तशी असावी. ज्या देशात महिन्याचं सरासरी उत्पन्न अमेरिकेच्या दहाव्या हिश्शाइतकंही नाही, तिथे सत्तर डॉलर मागणं म्हणजे बहुतेकांना दाराबाहेर ठेवणं. पण किंमत ठरवण्यासाठी विचारलेला देश पुढे विकत घेतलेल्या वस्तूच्या मालकीवर, माणसाच्या स्थलांतरावर आणि त्याच्या पैशांवर हक्क सांगू लागतो, तिथे माझा विरोध सुरू होतो.

गेमभोवती देशांची कुंपणं घालणं तसं जुनंच. १९८३ साली जपानात आलेल्या फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला ६० पिना होत्या. तेच यंत्र एनईएस नावाने १९८५ मध्ये अमेरिकेत गेलं, तेव्हा कार्ट्रिज ७२ पिनांचं झालं आणि आत कुलूप लावणारी एक चिपही बसली. पुढे डीव्हीडीने जगाचे विभाग पाडले, त्यात भारत पाचव्या विभागात गेला. प्लेस्टेशन २ च्या काळात हे कुंपण चुकवणारी मॉडचिप बसवून देणारे दुकानदार आपल्याकडच्या शहरांत सहज सापडत. मग वारं फिरलं. प्लेस्टेशन ३ वर कुठल्याही देशातला गेम चालू लागला, २०१७ चा निन्टेन्डो स्विच तर जाहीरपणे कुंपणमुक्त होता. कुंपण गेलं असं त्या वेळी सगळ्यांनाच वाटलं. प्रत्यक्षात ते प्लास्टिकमधून निघून खात्यात शिरलं होतं. दुबईहून आणलेली डिस्क पुण्यातल्या प्लेस्टेशनवर चालते, पण त्याच गेमची जादा प्रकरणं भारतीय दुकानातून घेतली तर अनेकदा ती त्या डिस्कशी जुळत नाहीत, कारण त्यांचा रीजन वेगळा. भरलेले पैसे वाया जातात, आणि का गेले हे विकत घेणाऱ्याला तोवर कुणी सांगितलेलं नसतं.

वस्तू हातात असते तेव्हा कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा राहू शकतो. थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेला सुपाप किर्तसाएंग हा विद्यार्थी घरच्यांकडून आणि मित्रांकडून थायलंडमधली स्वस्त इंग्रजी पाठ्यपुस्तकं मागवून अमेरिकेत विकत असे. जॉन वायली अँड सन्स या प्रकाशन कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. १९ मार्च २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला की कायदेशीररीत्या छापलेली प्रत एकदा विकली गेली की ती पुढे विकायचा हक्क घेणाऱ्याचा, मग ती प्रत कुठल्याही देशात छापलेली असो. आपल्याकडे इंजिनिअरिंग किंवा मेडिकल केलेल्या प्रत्येकाने अशी स्वस्त आवृत्ती पाहिलेली आहे. ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असं तिच्या पाठीवर छापलेलं असतं. पण ते पुस्तक घेऊन तुम्ही शिकागोला गेलात तर विमानात त्याची पानं कोरी होत नाहीत. डिजिटल गेमच्या बाबतीत हा सगळा युक्तिवाद लागूच होत नाही, कारण दुकान म्हणतं की आम्ही काही विकलेलंच नाही, वापरायचा परवाना दिला आहे. बटणावर मात्र ‘विकत घ्या’ असंच लिहिलेलं असतं. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून लागू केलेल्या कायद्याने, हा परवाना आहे हे खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगणं दुकानांना भाग पाडलं. सांगणं भाग पाडलं, बदलणं नव्हे. तरी सुरुवात तिथून झाली हे मी मोलाचं मानतो.

कुंपणाचा सौदा उघडपणे कसा करता येतो याचं उदाहरण जून २०२५ मध्ये जपानात दिसलं. निन्टेन्डोने स्विच २ तिथे दोन रूपांत आणला. एक फक्त जपानी भाषेचा, ४९,९८० येनला. दुसरा सर्व भाषांचा, ६९,९८० येनला. स्वस्त यंत्राला जपान हा देश असलेलीच खाती जोडता येतात. तेव्हाच्या विनिमय दराने ४९,९८० येन म्हणजे सुमारे ३४५ डॉलर, आणि अमेरिकेत त्याच यंत्राला ४४९.९९ डॉलर. येन घसरलेला, जपानी कुटुंबाच्या मिळकतीला डॉलरची किंमत परवडणारी नाही आणि स्वस्त ठेवलं तर व्यापारी कंटेनर भरून परदेशी नेणार. त्याआधी मार्चमध्येच निन्टेन्डोने जपानी ई-शॉपमध्ये परदेशी कार्डं घेणं बंद केलं होतं, गैरवापर टाळण्याचं कारण देऊन. मला हा सौदा पटतो. सवलत किती, तिच्या बदल्यात काय सोडायचं, हे दोन्ही खोक्यावर लिहिलेलं आहे आणि ज्याला नको त्याच्यासाठी दुसरं खोकं उपलब्ध आहे. तोक्योच्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या भारतीय कुटुंबांना, आणि त्यांत मराठी घरं कमी नाहीत, निदान विचार करून ठरवता येतं: दोन-तीन वर्षांनी परत जायचं असेल तर महागडा घ्यावा, इथेच राहायचं असेल आणि मुलं जपानी शाळेत जात असतील तर स्वस्त.

याच्या अगदी उलट प्रकार हेलडायव्हर्स २ च्या वेळी घडला. स्वीडनमधल्या ॲरोहेड स्टुडिओचा हा गेम सोनीने ८ फेब्रुवारी २०२४ ला प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर आणला. तो चौघांनी मिळून खेळायचा गेम, अफाट चालला. पीसीवर तो स्टीम या ऑनलाइन दुकानातून जगभर विकला गेला. मे महिन्याच्या सुरुवातीला सोनीने जाहीर केलं की आता पीसीवाल्यांनाही प्लेस्टेशनचं खातं जोडावंच लागेल. अडचण अशी की प्लेस्टेशनचं खातं अधिकृतपणे मिळतं सत्तरच्या आसपास देशांत. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया हे युरोपियन युनियनचे सदस्य देश त्यांत नव्हते. आपल्या शेजारचे श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानही नव्हते. तिथल्या लोकांनी पैसे मोजून गेम घेतला होता, आठवड्यांमागून आठवडे खेळला होता, आणि आता त्यांना जोडण्यासाठी खातंच नव्हतं. स्टीमवर नकारात्मक शेऱ्यांचा पूर आला, संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. सोनीने काही दिवसांतच सक्ती मागे घेतली. पण तोवर १७७ देशांतून गेमची विक्री बंद झाली होती, आणि सक्ती उठली म्हणून ती लगेच पूर्ववत झाली नाही.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक करून ग्राहकांच्या विजयाची झाली. मला त्याहून जुनी, रोजची गोष्ट अधिक खटकते. त्या देशांत प्लेस्टेशन वर्षानुवर्षं विकला जातोय, दुकानात खुलेआम. घेणारा घरी येऊन काय करतो? खातं उघडताना दुसरा देश निवडतो. लाटव्हियातला मुलगा ब्रिटन लिहितो, काठमांडूतली मुलगी भारत किंवा अमेरिका. दुसरा मार्गच नाही. आणि कंपनीच्या अटींत माहिती खरी द्यावी असं कलम आहे. म्हणजे ग्राहकाचं कंपनीशी नातं सुरू होतं तेच खोट्या माहितीवर, आणि ते खोटं त्याच्याकडून परिस्थितीने वदवून घेतलेलं असतं. पुढे खातं बंद झालं, पैसे अडकले, कुणी खातं चोरलं, तर दाद मागायला तो कुठल्या तोंडाने जाणार? अटी त्याने पहिल्याच दिवशी मोडलेल्या असतात. प्रामाणिक माणसाला आरंभीच अप्रामाणिक ठरवणारा नियम कितीही सोयीचा असला तरी तो वाईट नियम आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

खोटा देश निवडणं आपल्यालाही नवं नाही. निन्टेन्डोचा स्विच आपल्याकडे आला तो मुख्यतः आयात करणाऱ्या दुकानदारांमार्फत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून. त्यामुळे भारतातले बहुतेक स्विचवाले खात्यावर अमेरिका किंवा दुसरा एखादा देश निवडतात, आणि त्या देशाचं गिफ्ट कार्ड विकत घेऊन पैसे भरतात. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतही नाही.

दुसरी बाजूही लपवायला नको. खोटा देश निवडणारे सगळेच नाइलाजाने निवडत नाहीत. लिरा कोसळत होता त्या वर्षांत तुर्कस्तानातल्या किमती इतक्या खाली आल्या की जगभरच्या लोकांनी तुर्की खाती उघडली. अर्जेंटिनाचंही तेच झालं. २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमने दोन्ही देशांत स्थानिक चलन सोडून डॉलरमध्ये किमती लावल्या. कारण दिलं चलनाच्या चढउताराचं, आणि ते खरंही होतं. पण चोरवाटेने येणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांमुळे स्थानिक किमती टिकवणं कुठल्याही दुकानाला जड जातं, हेही तितकंच खरं. बर्लिनमध्ये किंवा बोस्टनमध्ये बसून कमी किमतीत गेम मिळवणाऱ्याला त्यात बचत दिसली. इस्तंबूलच्या विद्यार्थ्याच्या हातून मात्र परवडणारा गेम गेला. म्हणून देश बदलण्यावर मर्यादा असावी, खरेदीच्या वेळी कार्ड कुठल्या देशातलं आहे ते तपासावं, याला माझा पाठिंबा आहे. किंमत ठरवायची ती पैसे भरण्याच्या त्या क्षणी ठरवावी. त्यासाठी माणसाला आयुष्यभर एका देशाच्या खुंटीला बांधण्याची गरज कुठे येते?

शिवाय हे बांधणं ज्या सवलतीच्या नावाखाली होतं, ती सवलत भारतीय ग्राहकाला सोनीने फारशी दिलेली नाही. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ सोबत आलेल्या डेमन्स सोल्सची भारतातली किंमत ४,९९९ रुपये होती, अमेरिकेत ६९.९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पाच हजारांच्या थोडंसंच वर. आपल्या किमतीत कर धरलेला होता हे खरं, तरीही पुण्याच्या आणि सिएटलच्या पगारात जे अंतर आहे त्याच्या जवळपासही हा फरक जात नाही. आणि पुण्यात प्लेस्टेशनचं खातं उघडलेली मुलगी नोकरीसाठी डब्लिनला गेली, की तिचं आयरिश कार्ड भारतीय दुकान घेत नाही. जुने गेम एका खात्यावर, नवे दुसऱ्या, मित्रमंडळी दोन्हीकडे विखुरलेली. वॉलेटमध्ये बरेच दिवस पडून राहिलेले रुपये बँकेत परत घेता येत नाहीत. काही शे रुपयांसाठी कोण भांडणार, असा विचार करून प्रत्येक जण ते सोडून देतो.

भारताने असा एक प्रश्न पूर्वी सोडवलेला आहे. मोबाइलसाठी मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं, हे अनेकांच्या लक्षात असेल. नोकरी मुंबईहून पुण्याला गेली की नंबर सोडावा लागे, नाहीतर रोमिंग भरत राहावं लागे. २० जानेवारी २०११ ला कंपनी बदलून नंबर तोच ठेवण्याची सोय देशभर सुरू झाली, आणि ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी नंबर टिकू लागला. कंपन्यांनी ते आपणहून केलं नाही. सरकारने आणि ट्राय या दूरसंचार नियामकाने करायला लावलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आता ‘अनुचित करारा’ची व्याख्याही आहे: ग्राहकाला तोट्यात ढकलणारी अवाजवी अट तिच्यात बसते, आणि अशा करारांविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येतं. कायमच्या देशाची अट या व्याख्येत बसते की नाही हे कुणीतरी तपासून घ्यायला हवं. निकालाची वाट पाहायचीही गरज नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने भारतात पैसे घेणाऱ्या प्रत्येक गेमच्या दुकानाकडून तीन गोष्टी मागाव्यात. राहण्याचा पुरावा देऊन वर्षातून एकदा खात्याचा देश बदलता यावा. बदलल्यावर आधीची खरेदी सोबत यावी. आणि वॉलेटमधली शिल्लक ज्या बँक खात्यातून आली, तिथे ती परत जावी. पहिल्या दोन्ही गोष्टी मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो थोड्याफार फरकाने आजच करतात. तिसरी या दोघी करत नाहीत, म्हणून सुरुवात तिच्यापासून व्हावी.