नंबर कोणाचा उतरला?

रात्री हायवेवर समोरून ट्रक येतो आणि त्याच्या दिव्याभोवती खळे पडते, चंद्राला पडते तसे. गाडी चालवणाऱ्याचा चष्मा तीन महिन्यांपूर्वीच सुटलेला. तपासणीत तो ६/६ची ओळ न अडखळता वाचतो. तक्त्याच्या लेखी नजर निर्दोष. मग हे खळे कोणाचे?

चष्मा सोडवणारी लेसिक शस्त्रक्रिया हे तसे कारागिरीचे काम. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याचा वरचा पापुद्रा उचलायचा, खालचा थर लेसरने बेताने झिजवायचा, पापुद्रा परत बसवायचा. टाका लागत नाही. सिलिंडर नंबर, म्हणजे ठरावीक अक्षावरचा दोष, असला की कोनाची भानगड येते. माणूस आडवा झाला की डोळा काही अंश फिरू शकतो, आणि अक्ष ३० अंशांनी हुकला तर सिलिंडर होता तेवढाच राहतो, नुसती दिशा बदलते. म्हणून काही सर्जन रुग्णाला आधी ताठ बसवून डोळ्याच्या पांढऱ्यावर पेनने खूण करून घेतात.

खळ्याचे एक कारण साधे आहे. अंधारात बाहुली पसरते आणि लेसर फिरलेल्या वर्तुळाच्या कडेवरून, कधी कडेबाहेरूनही, प्रकाश आत शिरतो. तक्ता वाचला जातो तो उजेडात, पांढऱ्यावर काळा.

सातव्या शतकातल्या बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीला हा रुग्ण ओळखीचा वाटला असता. ‘न्यायबिंदू’त प्रत्यक्षाची व्याख्या करताना तो ज्ञान भ्रांत ठरवणारी कारणे सांगतो, त्यांत पहिलेच तिमिर, म्हणजे डोळ्याचा विकार. पुढे गरगर फिरवलेले कोलीत आहे, नावेतला प्रवास आहे. म्हणजे चूक कधी इंद्रियात, कधी वस्तूत, कधी आपण बसलो आहोत त्या नावेत. वेदान्ताचा ‘दृग्दृश्यविवेक’ आणखी मागे सरकतो: रूप डोळ्याला दिसते, पण डोळा अधू आहे की तीक्ष्ण, हे मनाला कळते, आणि मनालाही पाहणारा साक्षी वेगळाच. या हिशेबाने लेसरने दृश्यच दुरुस्त केले, द्रष्ट्याला हातही लागला नाही. मांडणी देखणी आहे, पण जरा जास्तच स्वच्छ. साक्षीला ट्रक चुकवायचा नसतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नौदलातल्या आणि नागरी रुग्णांना शस्त्रक्रियेआधी आणि नंतर प्रश्नावल्या दिल्या होत्या. ९५ टक्क्यांहून अधिक लोक नजरेवर समाधानी निघाले. पण आधी ज्यांना खळी, चकाकी, दुहेरी प्रतिमा असे काहीच दिसत नव्हते, त्यांच्यातल्या ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी यांपैकी निदान एक तक्रार नोंदवली. एखाद्या तक्रारीमुळे रोजच्या व्यवहारात फार अडचण आली, असे म्हणणारे १ टक्क्याहून कमी. हे आकडे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. चष्म्याच्या जाचातून सुटलेला माणूस खळ्याशी जुळवून घेतो, इतकेच.

त्याच पाहणीतली आणखी एक नोंद नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांनी, उचलून धरावी अशी आहे. शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे, हेही ज्ञानाचे प्रमाण, असे ते मानतात. आणि दिव्याभोवतीच्या खळ्याबाबत रुग्णाच्या शब्दाइतका जवळचा पुरावा दुसरा कुठला? पण लोकांनी ही लक्षणे डॉक्टरांना सांगितली त्याच्या दुपटीहून अधिक वेळा प्रश्नावलीत लिहिली. भीड असेल, मोजलेले पैसे असतील, ‘एवढ्यासाठी कशाला’ असेही असेल.

तपासणीच्या खोलीत डॉक्टर विचारतात, “कसं दिसतंय?”

“मस्त, डॉक्टर.”

बाहेर येऊन तो कागदावर ‘रात्री खळी दिसतात’ या ओळीपुढे बरोबरची खूण करतो.