पणाला लावण्याचा अधिकार

आदर्श नगर ही जयपूरच्या जुन्या परकोटाबाहेर, आग्नेयेला वसलेली वस्ती. फाळणीनंतर पंजाब, सिंध आणि मुलतानकडून आलेली माणसं इथे स्थिरावली, आणि मुलतानच्या दिगंबर जैन कुटुंबांनी इथे आपलं मंदिर उभारलं. मुलतान आणि जयपूरचं नातं त्याहून जुनं आहे. अठराव्या शतकात जयपूरच्या पंडित टोडरमलांनी मुलतानच्या श्रावकांना पाठवलेलं पत्र ‘रहस्यपूर्ण चिठ्ठी’ या नावाने आजही वाचलं जातं. ज्या गावाहून ते पत्र गेलं, त्याच गावी दोन शतकांनी तो समाज निर्वासित होऊन आला.

या परंपरेत श्रावकाने टाळायची सात व्यसनं सांगितली आहेत आणि त्यांत पहिलं द्यूत. मांस, मद्य, शिकार, चोरी ही सगळी त्याच्यानंतर येतात. हा क्रम मला विचारात पाडतो, कारण तो मानणारा समाज व्यापारी आहे. जयपूरच्या जौहरी बाजारात कच्चा पन्ना विकत घेणाऱ्याला दगड कापून होईपर्यंत आत काय निघेल हे ठाऊक नसतं. अनिश्चिततेवर ज्यांचं पोट चालतं, त्यांनी द्यूताला पहिली जागा का द्यावी? मला वाटतं, जोखमीची सर्वांत नेमकी जाण त्यांनाच होती. जौहरी एका दगडात घर घालत नाही. दुकानाचं भांडवल वेगळं, घराचं वेगळं, आणि एका सौद्यात त्या भांडवलाचा किती हिस्सा जाईल हे सौद्याला बसण्यापूर्वी ठरलेलं असतं. द्यूतात ही भिंतच पडते, आणि ती पडली की उरलेल्या सहा व्यसनांना दार उघडंच असतं.

ऑनलाइन पोकर गांभीर्याने खेळणारे या भिंतीला ‘बँकरोल’ म्हणतात. खेळासाठी बाजूला काढलेली, पूर्ण बुडाली तरी घरातल्या एकाही खर्चाला धक्का न लावणारी रक्कम. तिचे नियम सर्वांना पाठ असतात. एका टेबलावर बसण्याची रक्कम, म्हणजे बायइन, हजार रुपये असेल तर जवळ निदान वीस-तीस हजार हवेत. रक्कम घटली की खालच्या टेबलावर उतरायचं. याच्या जोडीला दुसरा उपदेश येतो, मनावर ताबा ठेवा. हे दोन उपदेश वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितले जातात, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. मुळात ती एकच गोष्ट आहे.

आधी हिशेब पाहू. पाच-दहा रुपयांच्या ब्लाइंडचं, म्हणजे पत्ते पाहण्याआधीच भराव्या लागणाऱ्या रकमांचं, टेबल घ्या. त्यांतली मोठी, दहा रुपयांची, ती बिग ब्लाइंड. तिथे हजारचा बायइन म्हणजे शंभर बिग ब्लाइंड. खेळाडू चांगला आहे असं धरू, इतका की दर शंभर डावांमागे सरासरी पाच बिग ब्लाइंड कमावतो. पण पोकरमध्ये नशिबाचा चढउतार प्रचंड असतो. शंभर डावांमागे नव्वद बिग ब्लाइंड हा त्याचा अंदाज अवास्तव नाही. आता दहा हजार डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई पाच हजार रुपये, आणि चढउतार नऊ हजारांचा. म्हणजे चांगल्या खेळाडूंपैकीही दहातले जवळजवळ तिघे दहा हजार डाव नीट खेळून तोट्यातच असतील. दोन एक्के हातात, समोर दोन बादशहा, सगळे पैसे मध्ये, तरीही पाचांत सुमारे एकदा एक्के हरतात. ही दुर्दैवाची गोष्ट नव्हे, खेळाची घडणच तशी आहे.

या खेळाडूकडे वीस बायइन असतील तर कधी ना कधी ते सगळे बुडण्याची शक्यता साडेआठ टक्क्यांच्या आसपास येते. चाळीस असतील तर ती एका टक्क्याच्याही खाली जाते. पण त्याची कमाई शंभर डावांमागे पाचऐवजी दोन असेल, तर त्याच वीस बायइनची शक्यता सदतीस टक्क्यांवर चढते. आणि कमाई शून्य किंवा उणे असेल, तर भांडवल कितीही असो, खेळत राहिल्यास ते जाणारच. बेल लॅबमधल्या जॉन केली यांनी 1956 मध्ये, आपली सरशी किती आहे त्या प्रमाणात किती रक्कम लावावी, याचं सूत्र मांडलं. जुगारी आणि गुंतवणूकदार दोघेही ते मोठ्या आदराने सांगतात. मात्र सरशी शून्य असेल तेव्हा तेच सूत्र लावायची रक्कमही शून्य सांगते, याचा उल्लेख कमी वेळा होतो.

सरशी शून्याच्या वर राहणं किती अवघड, तेही पाहायला हवं. प्रत्येक मोठ्या डावातून कंपनी आपला वाटा काढते. त्याला ‘रेक’ म्हणतात आणि तो साधारण पाच टक्के असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष जिंकलेल्या द्रव्यातून पाच टक्केच घेतो. इतक्या शतकांनंतरही आकडा तोच आहे. भारतात 1 ऑक्टोबर 2023 पासून त्यावर आणखी एक थर चढला. खेळासाठी भरलेल्या संपूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागला, म्हणजे शंभर रुपये भरले की सुमारे बावीस कराचे जात. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर आधीपासून कापला जात होताच. टेबलावरच्या सहा जणांच्या एकूण पैशातून इतकं बाहेर जात असताना सहाच्या सहा जण जिंकू शकत नाहीत. बहुसंख्यांसाठी बँकरोलचा नियम नफा राखत नाही, फक्त तोट्याचा वेग कमी करतो. हे स्पष्ट न सांगता नियम शिकवणं मला अप्रामाणिक वाटतं.

आता मनाकडे येऊ. वरच्या साऱ्या गणितात खेळाडू एकच धरलेला आहे. खुर्चीवर मात्र दोन बसलेले असतात. शंभर डावांमागे पाच कमावणारा हा शांत माणूस. एक्के हरल्यावर, तेही ज्याला आपण मूर्ख समजतो अशाकडून हरल्यावर, खुर्चीवर जो उरतो तो दुसरा. खेळणारे या अवस्थेला ‘टिल्ट’ म्हणतात. समजा, शंभरपैकी नव्वद डाव पहिल्याने खेळले आणि दहाच डाव दुसऱ्याने, शंभराला साठ गमावण्याच्या वेगाने. बेरीज करा: साडेचार जमा, सहा वजा. दीड वजा. दहातला एक डाव रागात गेला एवढ्याने चांगला खेळाडू हरणाऱ्यांत जाऊन बसला, आणि हरणाऱ्याच्या बाबतीत सूत्र काय म्हणतं ते आपण पाहिलंच. भावनेचा प्रश्न बँकरोलच्या गणितात असा थेट शिरतो, त्याला वेगळं प्रकरण नसतं.

डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात दोन गोष्टी आहेत. एक सगळ्यांना माहीत असते: मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख मोठं, साधारण दुप्पट. दुसरी इथे जास्त कामाची. तोट्यात असलेला माणूस जोखीम टाळत नाही, ती शोधतो. एरवी जपून चालणारा गृहस्थ तोटा भरून काढण्याची एक बारीक शक्यता दिसली की मोठा डाव लावतो. ‘आज बरोबरी करूनच झोपायचं’ हे वाक्य तिथून येतं. तसं पाहिलं तर पोकर हा आयुष्यभर चाललेला एकच लांब डाव आहे. पत्त्यांना ना तारीख कळते, ना रात्रीचे दोन वाजलेले कळतात. आज रात्रीच्या बरोबरीला गणितात काहीच अर्थ नाही. आणि तरीही ‘आज तीन बायइन गेले की उठायचं’ हा नियम मी आवश्यक मानतो. पुढचे पत्ते वाईट येतील म्हणून उठायचं नसतं. पुढचे पत्ते ज्याच्या हातात येतील तो आपण नसू, म्हणून उठायचं. जिंकल्यावरही हेच होतं. तीन दिवस भरभरून आले की माणूस स्वतःला दुप्पट मोठ्या टेबलाच्या लायकीचा समजू लागतो, आणि तिथे शांत माणसाचीही सरशी उरत नाही.

म्हणून मनावर ताबा हा टेबलावर मिळवायचा गुण आहे यावर माझा विश्वास नाही. खोल श्वास घ्या, पाणी प्या, हे सल्ले खोटे नाहीत, पण उशिरा पोचतात. ताबा असतो तो आदल्या दिवशी, शांत माणसाने रागावलेल्या माणसाच्या वतीने घेतलेल्या निर्णयात. रक्कम वेगळ्या खात्यात आहे का, ते खातं मोबाइलच्या यूपीआयला जोडलेलं नाही ना, मर्यादा लिहिलेली आहे का, आणि ती घरात आणखी कोणाला माहीत आहे का. यांतला शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त टाळला जातो.

दिवाळीत उत्तर भारतातल्या घरांमधून पत्ते निघतात. आपल्याकडेही पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हटलं आहे. त्या खेळात भिंती आपोआप असतात. काका-आत्या समोर बसलेले असतात, नोटा हाताने मोजून द्याव्या लागतात, आणि रात्र संपली की सण संपतो. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. ऑनलाइन, चार टेबलं उघडली तर तीनशे. पैसा हा पडद्यावरचा आकडा असतो, संपला की अंगठ्याच्या एका दाबाने पुन्हा भरतो, आणि समोर ओळखीचं कुणी नसतं. ज्या-ज्या क्षणी माणूस थांबून शुद्धीवर आला असता, ते सगळे क्षण या रचनेने काढून टाकले. तिथे संयमाचा उपदेश एकट्या खेळाडूला करणं मला न्याय्य वाटत नाही.

संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांवरचे सगळे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेलं नाही, आणि ते योग्य झालं. त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ आपली न्यायालयं कौशल्य की नशीब याच प्रश्नाभोवती फिरत होती. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. राजस्थान उच्च न्यायालयानेही 2020 मध्ये फँटसी क्रिकेटच्या बाजूने हाच धागा धरला. पोकरच्या कंपन्यांचा सारा युक्तिवाद यावरच उभा होता. पोकरमध्ये कौशल्य आहे हे मला मान्य आहे, वरचं गणितच ते सांगतं. पण कौशल्य असलेला खेळ घर बुडवत नाही, हे त्यातून निघत नाही.

महाभारताने हा भेद कितीतरी आधी पाहिला आहे. युधिष्ठिर पासे खेळण्यात कच्चा होता आणि त्याला उठता येत नव्हतं. धन गेलं, राज्य गेलं, भाऊ गेले, स्वतः गेला, मग द्रौपदी. तेव्हा तिने सभेला विचारलं: आधी त्यांनी स्वतःला हरवलं की मला? स्वतःला हरलेल्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? सभेत भीष्म होते, आणि त्यांनाही नीट उत्तर देता आलं नाही. मला हा बँकरोलचा मूळ प्रश्न वाटतो. किती लावायचं, याच्या आधी येणारा. हे माझं आहे का?

पुढे वनवासात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची गोष्ट सांगतात. नळही सर्वस्व हरतो, पण त्याला हरवणारा भाऊ पुष्कर ‘आता दमयंती लाव’ म्हणतो तेव्हा नळ अंगावरचे अलंकार उतरवून निघून जातो. त्याला मर्यादा होती, कौशल्य नव्हतं. नंतर ऋतुपर्ण राजाकडून तो अक्षविद्या शिकतो, परत येतो, एकाच डावात राज्य जिंकतो, आणि मिळवलेल्या धनासोबत त्या डावात दमयंतीलाही पणाला लावतो. गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक गाळला जातो, कारण शेवट गोड आहे. पण ज्याने अडाणी असताना तिला लावायला नकार दिला, त्याने जाणकार झाल्यावर लावलं.

कायद्याने देशातली टेबलं मिटली. परदेशातून चालणारी, कुणालाही जबाबदार नसलेली संकेतस्थळं आणि फोनवरचे गट उरलेच आहेत, आणि तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. खेळ सुटत नाही असं ज्याला किंवा ज्याच्या घरच्यांना जाणवतं, त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे. ती चोवीस तास चालते, मराठीतही बोलते आणि पैसे घेत नाही. फोन खेळणाऱ्यानेच करावा असंही नाही. पत्नी, आई, भाऊ, ज्यांचं या खेळात काही लागलेलं आहे त्यांपैकी कुणीही करू शकतं.